हात बदल

रुमेना त्या सकाळी पाव आणायला निघाली होती, एवढंच. थंडीचे दिवस होते. कालिनोवोच्या उतरत्या गल्लीतला बर्फ पायांनी तुडवून काळा पडला होता आणि धुराड्यांतला धूर वर न जाता अंगणाअंगणांतच रेंगाळत होता. मिल्का मावशीच्या फाटकावर काळ्या चौकटीचा, श्रद्धांजलीचा नवा कागद लागला होता. फोटो आधीचाच, ख्रिस्कोवा बाईंचा. केसांचा घट्ट अंबाडा, मिटलेले ओठ. खालचा मजकूर तेवढा बदलला होता. बाईंना जाऊन चाळीस दिवस झाले होते.

"रुमेना, थांब गं जरा," मिल्का मावशी हातात ताट घेऊन फाटकाशी आली. ख्रिस्कोवा बाई तिची आत्या. शेवटची सगळी वर्षं बाईंचं करायला हीच होती. तिनं साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी पुढं केली, पावाचा तुकडा दिला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी रुमेनाच्या हातात ठेवलं. "आत्याच्या वस्तू वाटतेय. तू लिहितेस ना, म्हणून हे तुझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं."

रुमालात शाईचं पेन होतं. काळं, जाड, टोपणाला पिवळी पट्टी.

रुमेनाला एकदम भरून आलं. गेली दोन वर्षं 'तू लिहितेस ना' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. "आभारी आहे, मावशी," ती म्हणाली. "खूप आभारी आहे."

मिल्का मावशीचा चेहरा उतरला.

"असं काय बोललीस तू?"

रुमेनाच्याही तेव्हाच लक्षात आलं. मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेली वस्तू घेताना त्यांच्याकडं कुणी आभार मानत नाही. 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं, की वस्तू सुटते. मग ती देणाऱ्याची राहत नाही आणि गेलेल्याचीही राहत नाही. आभार मानायचे ते जिवंत माणसाचे. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"सवयीनं तोंडातून गेलं, मावशी. आता म्हणते…"

"आता म्हणून काय उपयोग? गेलं ते गेलं." मिल्का मावशीनं छातीवर क्रूस काढला. "आत्म्यांच्या शनिवारी थडग्यावर ये. तिथं म्हण. तोवर ते पेन आत्याचंच आहे असं समज. आणि तिला तू ओळखतेस. वस्तूंच्या बाबतीत ती कशी होती ते."

रुमेना ओळखत होती. सगळ्या कालिनोवोला ख्रिस्कोवा बाईंनीच अक्षरं शिकवली होती.

पेन खिशात टाकून ती पाव घेऊन घरी आली, आणि हा प्रसंग तिथंच विसरली असती. पण त्याच दुपारी कामेननं तिला कोंडीत पकडलं.

कामेन गावातल्या बाहुल्यांच्या नाटकघरात बाहुल्या कोरायचा. रुमेना त्यांचे कपडे शिवायची आणि बाहुल्यांनी काय बोलायचं तेही तीच लिहायची. म्हणजे पूर्वी लिहायची. दोन वर्षांपूर्वी तिचे शब्द आटले. कारण असं काही नव्हतं. नवरा जर्मनीत ट्रक चालवत होता, मुलगी तिकडंच शिकत होती, दोघंही सुखरूप होती. पण कागद समोर घेतला की पहिलंच वाक्य चुकीचं वाटायचं. ती खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. शेवटी कागदावर खोडलेल्या रेघाच उरायच्या.

"नगरपालिकेचा निरोप आलाय," कामेन लाकडाचा भुसा फुंकत म्हणाला. "मे महिन्यात अक्षरांच्या सणाला नवं नाटक हवं. आपल्याकडं नसेल तर ते राजधानीतून तयार नाटक आणणार. आणि एकदा आणलं की दरवर्षी आणणार. मग तू जन्मभर बाहुल्यांच्या चड्ड्या शिवत बस."

"चड्ड्या तर मी आत्ताही शिवते."

"हो, पण आत्ता त्या चड्ड्या घालून बाहुली काय बोलणार हे तू ठरवतेस." त्यानं पटाशी खाली ठेवली. "ऐक. सकाळी उठलीस की कुणाशी बोलायच्या आधी, कॉफीच्या आधी, लिहायला बस. हातानं. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. दोनचार पानं भरली की शेगडीत टाकायची."

"शेगडीत? मग लिहायचं कशाला?"

"दात घासतेस तेव्हा फेस जपून ठेवतेस का?"

"आणि काहीच सुचलं नाही तर?"

"'काही सुचत नाही' असं लिही. पानभर तेच लिही. तुझ्याआधी तुझा हात कंटाळेल आणि स्वतःच काहीतरी सांगायला लागेल."

"तू करतोस हे?"

"मी राकियाची दारू पितो. लाकडाला शब्द लागत नाहीत."

दुसऱ्या दिवशी रुमेना पहाटे उठली. स्वयंपाकघरात खिडकीत ठेवलेल्या बिहीच्या फळांचा गोड वास भरला होता. तिनं लोखंडी शेगडी पेटवली, पेनात निळी शाई भरली, पांढऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं ओढला आणि लिहिलं, काही सुचत नाही. काही सुचत नाही. बाहेर अंधार आहे. शेगडीचं दार करकरतं. काही सुचत नाही.

असे बरेच दिवस गेले. लिहायचं, कागद उलटे ठेवायचे, न वाचता आगीत सारायचे. आणि मग एके सकाळी हात खरोखरच कंटाळला. 'काही सुचत नाही' लिहिता लिहिता त्यानं लिहिलं, अस्वल नाचत नाही. रुमेना जागच्या जागी दचकली, पण थांबली नाही. जत्रा भरली आहे. अस्वलवाला वाद्य वाजवतो आहे. अस्वलाच्या नाकात वेसण आहे. आणि अस्वल भर जत्रेत खाली बसलं आहे. ते म्हणतं, मी आज नाचणार नाही.

त्या दिवशी ती कॉफी पिताना एकटीच हसत होती.

ते कागद शेगडीत टाकताना तिला लाल रंग दिसला.

आगीच्या उजेडानं भास झाला असेल असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कागद उलटे ठेवताना तिनं नियम मोडला आणि एक पान सुलट करून पाहिलं. निळ्या ओळींच्या मधून लाल शाई फिरली होती. सुटलेले स्वल्पविराम घातले होते. 'अस्वल नाचत नाही' या शब्दांवर काट मारली होती. समासात बारीक, गोल, उभ्या अक्षरांत लिहिलं होतं, पुन्हा लिही.

घरात लाल शाई नव्हती. कधी आणलीच नव्हती.

शाई ओली होती. रुमेनानं बोट लावलं तर बोटाला लागली.

त्यानंतर खोलीतला बिहीचा वास कमी होत गेला. त्या जागी दुसराच वास येऊ लागला. खडूचा, फळा पुसायच्या ओल्या फडक्याचा, थंड पडलेल्या वर्गाचा. ती अस्वलाबद्दल लिहू लागली की पेन अडायचं, कागद खरवडायचं. 'सूर्य उगवतो. मुले शाळेत जातात' असं काहीतरी लिहिलं की लोण्यासारखं चालायचं. तिचं तिरकं, पळतं अक्षरसुद्धा हळूहळू उभं आणि गोल होऊ लागलं. आणि मग तो आवाज सुरू झाला. तिच्या पाठीमागं, टेबल आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, कुणीतरी चालत होतं. बाकांच्या रांगेतून चालावं तसं, सावकाश. मधूनच लाकडावर पट्टी वाजायची.

टक.

थोडा वेळ शांत.

टक.

तिनं पेन कपाटात ठेवून पेन्सिल घेतली. पेन्सिलीच्या करड्या ओळींवरही लाल शाई आली. एके सकाळी ती लिहायला बसलीच नाही, पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिली. उठली तेव्हा उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर आडवा लाल वळ उमटला होता, पट्टीच्या रुंदीचा.

"रक्तदाब तपासून घे," सगळं ऐकून कामेन म्हणाला. मग त्यानं वळ पाहिला. तोही ख्रिस्कोवा बाईंच्याच वर्गात शिकला होता. "हा मला माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "मला ताठ बसता येत नसे म्हणून मिळायचा. रुमेना, सोड ते लिहिणं. मागवू आपण राजधानीचं नाटक. चड्ड्या शिवण्यात वाईट काय आहे."

"अस्वल बसलंय, कामेन," रुमेना म्हणाली. "त्याला तसंच भर जत्रेत टाकून कुठं जाऊ?"

आत्म्यांचा शनिवार उजाडला. दफनभूमीत सगळ्या बायका आल्या होत्या. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, गव्हाच्या वाट्या, मातीवर ओतलेल्या वाइनचे डाग. वारा नव्हता. मिल्का मावशीनं आत्याच्या थडग्यावरचा बर्फ हातानं बाजूला केला, चमचाभर गहू रुमेनाला दिले.

"खा. आणि म्हण. म्हणजे सुटशील."

रुमेनानं गहू तोंडात घेतले. गोड होते, वर अक्रोडाची पूड होती. ती थडग्याच्या दगडावरच्या फोटोकडं बघत राहिली. अंबाडा, मिटलेले ओठ. आणि तिला आपला डावा हात आठवला.

तो हात ती विसरली होती असं नाही. त्याचा विचारच केला नव्हता. शाळेच्या पहिल्या वर्षी ती डाव्या हातानं लिहायची. ख्रिस्कोवा बाई जवळ यायच्या, पट्टी वाजवायच्या आणि म्हणायच्या, हात बदल. तिचा हात चुकून पुन्हा डावीकडं जायचा. मग बाईंनी तिच्याच वेणीची पांढरी फीत सोडून तिचं डावं मनगट बाकाला बांधलं. त्या हिवाळ्यात रोज. घंटा झाली की सगळी मुलं अंगणात पळायची आणि बाई फीत सोडायला येईपर्यंत ती बाकाशी उभी राहायची. एकदा बाई विसरल्या. दिवस मावळला तरी आल्या नाहीत. शेवटी झाडूवाल्या म्हाताऱ्यानं तिला सोडवलं. तेव्हापासून तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर होतं. पण कुठलंही पहिलं वाक्य तिला कधी बरोबर वाटलं नाही.

"म्हण ना गं," मिल्का मावशी कुजबुजली. "देव तिला…"

"नाही म्हणत."

"काय?"

"देवाला क्षमा करायची असेल तर त्यानं करावी, मावशी. त्याचं त्याला ठाऊक. मी त्यात नाही." रुमेनाचा आवाज चढला नव्हता. तिला कुणाला दुखवायची सवय नव्हती आणि मिल्का मावशीला तर दुखवायचंच नव्हतं. "तुमचा राग नाही माझा. तुम्ही त्यांचं पुष्कळ केलंत. पण माझ्या तोंडून ते निघणार नाही."

"मग ती तुला सोडायची नाही."

"नसेना का."

"निदान पेन तरी पुरून टाक इथं."

"पेन मला लागतं," रुमेना म्हणाली. "माझं लिहून व्हायचंय."

घरी परतताना ती घाबरली होती. हे कुणापासून लपवायचं कारण नाही. ती काही धीट बाई नव्हती. वादळ झालं की मुलीला फोन करणारी, अंधाऱ्या तळघरात बटाटे आणायला जाताना मोठ्यानं गाणं म्हणणारी बाई होती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, शेगडी पेटवली, खुर्ची ओढली. पेन नेहमीसारखं उजव्या हातात घेतलं. मग क्षणभर थांबून ते डाव्या हातात दिलं.

हाताला आधी काही समजेना. बोटं लाकडासारखी झाली होती. पहिला शब्द सात वर्षांच्या मुलीनं लिहावा तसा आला, वाकडा, कुठं मोठा, कुठं लहान.

अस्वल.

टक.

इतक्या जवळ तो आवाज कधी आला नव्हता. खडूचा वास दाटला. पाठीमागं बुटांचा करकर आवाज थांबला. मानेवर गार श्वास जाणवला आणि त्यातून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा नाही, तिला एकटीलाच ऐकू येईल असा आवाज आला.

"हात बदल…"

रुमेना लिहीत राहिली. अस्वल खाली बसलं.

"रुमेना… हात बदल."

"नाही, बाई."

आणि मग तिच्या डाव्या मनगटाभोवती काहीतरी गार आणि गुळगुळीत गुंडाळलं गेलं. दिसत काहीच नव्हतं. पण कातडीवर खोल खाच पडत चालली होती, आणि हात टेबलाच्या पायाकडं खेचला जात होता. शाईची रेघ कागदभर ओरखड्यासारखी उतरली. तिनं उजव्या हातानं डावा हात धरला, दोन्ही कोपरं टेबलावर रोवली आणि वर ओढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात नव्हता, म्हणून तिनं ते तसंच वाहू दिलं. हात थांबवायचा नाही, एवढं एकच तिला ठाऊक होतं. अस्वलवाला म्हणाला ऊठ. अस्वल म्हणालं नाही. अस्वलवाल्यानं वेसण ओढली. नाक फाटलं. अस्वल म्हणालं, आता तुझ्या हातात नुसती दोरी आहे.

कागदावर लाल शाई फुटू लागली. आता ती रुमेनाचं लिहून होईपर्यंत थांबत नव्हती. अक्षर उमटताच त्याच्यावर काट पडत होती. रुमेना काटेवरून पुढं लिहीत होती. पान भरलं, तिनं दुसरं घेतलं. खोडलेल्या शब्दांवर तेच शब्द पुन्हा लिहिले. बांधलेल्या मनगटाबद्दल लिहिलं, मावळलेल्या दिवसाबद्दल लिहिलं, झाडूवाल्या म्हाताऱ्याच्या खडबडीत बोटांबद्दल लिहिलं.

"तुम्हीपण लिहा, बाई," ती दातओठ खात म्हणाली. "कागद खूप आहेत. तुम्ही दमाल. मी रोज बसते."

पट्टी वाजली. मग पुन्हा, पुन्हा, भराभरा, टेबलावर, कपाटावर, खिडकीच्या काचेवर. खिडकीतलं एक बिही खाली पडून घरंगळत गेलं. रुमेनानं मान वळवली नाही.

खिडकी करडी झाली. समोरच्या अंगणात कुणीतरी बर्फ लोटू लागलं. केव्हातरी आवाज थांबला होता. शेगडीत निखारे उरले होते आणि खोलीत बिहीचा वास होता. तिनं कागद गोळा केले. शेगडीकडं नेले आणि तिथंच थांबली. त्या दिवशी तिनं ते जाळले नाहीत. बसून वाचले. पहिल्या पानांवर लाल शाईचा नुसता चिखल होता. पुढं लाल रेघा विरळ होत गेल्या होत्या. शेवटच्या पानावर निळ्या, वाकड्या अक्षरांशिवाय काहीच नव्हतं.

कामेननं नाटक एका बैठकीत वाचलं. राकियाचा पेला तसाच राहिला. "अक्षर बघून वाटतं दारूच्या नशेत लिहिलंयस," तो म्हणाला. मग नाक पुसून म्हणाला, "मी लिंडनचं लाकूड घेतो. अस्वल धिप्पाड व्हायला हवं. बसलेलं चांगलं दिसेल असं."

मे महिन्यात अक्षरांचा सण आला. शाळांच्या दारांवर फुलांचे हार लागले, गावभर मिरवणूक फिरली. नाटकघराच्या पडद्यामागं रुमेना अस्वलाचे कपडे शेवटचे पाहत होती. तिनं विचारलं, "कामेन, ही फीत कशाला बांधलीस?"

अस्वलाच्या डाव्या पंजाला पांढरी फीत बांधली होती. खळ घातलेली, जुन्या पद्धतीची.

"मी कुठं बांधली? मला वाटलं तूच बांधलीस. चांगली दिसते की."

रुमेनानं एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि फीत कापली. तिचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. हात धुतले, तरी बोटांना खडूचा वास राहिला.

नाटक सुरू झालं. जत्रा भरली, वाद्य वाजलं, अस्वल बसलं. ते 'नाही' म्हणालं तेव्हा सगळी पोरं एकदम हसली आणि मग सगळी मिळून त्याच्याबरोबर 'नाही, नाही' म्हणायला लागली. भिंती हादरत होत्या. डोळे भरून आलेली रुमेना पडद्याच्या फटीतून बघत होती. आपले शब्द आपल्याकडं परत आलेत, हे तिला त्या गोंगाटातच पहिल्यांदा नीट कळलं.

पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर एक लहान मुलगी मात्र ओरडत नव्हती. तिच्या मांडीवर रंगवायचा कागद होता, सणाला सगळ्या मुलांना वाटलेला. खडू तिनं उजव्या हातात धरला होता, पण अवघडून, मुठीत काठी धरावी तसा. डावा हात खुर्चीच्या बाजूला लोंबत होता. ती तो वर उचलायला बघत होती आणि तो येत नव्हता.

तिची आई शेजारीच टाळ्या वाजवत होती. तिला काहीच दिसलं नव्हतं.

रुमेना नाटक चालू असतानाच पडद्यामागून बाहेर आली. कामेननं दबक्या आवाजात हाक मारली, ती तिनं ऐकली नाही. पोरांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती त्या खुर्चीपाशी गेली आणि खाली बसली.

"कुणी बांधलं गं हे?" तिनं हळूच विचारलं.

मुलीनं रुमेनाच्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि पटकन नजर खाली वळवली.

रुमेनानं मागं बघितलं नाही. "मी इथंच आहे," ती म्हणाली. ते मुलीला म्हणाली की आणखी कुणाला, कोण सांगणार. तिनं एप्रनमधून कात्री काढली आणि खुर्चीच्या पायाशी चाचपडत पांढऱ्या फितीची गाठ शोधली.

गाठ अजून कोमट होती.